दिवेलागणीचं नाव

होमा बेच्या चर्चमागे, जाळी विणायच्या खोलीत
आता सात लॅपटॉप आहेत.
त्यातल्या एकाचं 'आर'चं बटण निघालंय.
तो माझ्या वाट्याला, कारण मी उशिरा येते,
धक्क्यावर ओमेना तोलून, हाताला मासळीचा वास घेऊन.
'प्रिंट' लिहायला आर लागतो.
मी काडीपेटीतल्या काडीने दाबते.

नेरेया बाई म्हणाल्या, आज जर-तर.
मला हसू आलं. बेचाळीस वर्षं दुसरं काय केलं?
जर होडी उलटली नसती,
जर तो किसुमूला गेलाच नसता...
"ते नव्हे, अवुओर. इथे 'जर' खरं ठरलं
की 'तर' घडतंच."

एवढ्यावर मी शिकायचं ठरवलं.

आमच्यात नाव वेळ बघून ठेवतात.
रात्रीचा जन्म असेल, तर ओतियेनो.
सकाळचा, तर ओकिन्यी. ऊन डोक्यावर, तर ओचिएंग.
जुळ्यांतला पहिला ओपियो, मागून आलेला ओदोंगो,
आणि त्यांच्या पाठीवरचा ओकेलो,
जन्मभर आपला तिसरा.
मुलगी असेल तर पहिलं अक्षर तेवढं बदलायचं,
'ओ' काढून 'अ'.
शब्द म्हणजे ओवलेले मणी, बाई सांगतात,
आणि पहिला मणी शून्याव्या जागी.
हे गिळायला मला तीन दिवस लागले.
धक्क्यावर टोपल्या शून्यापासून मोजल्या असत्या
तर मला कुणी उभं केलं नसतं.

पण झालं. चाललं.
मध्यरात्र घातली, अवुओर आलं. मीच आले.
मग सगळे भोवती जमले, फादरचा स्वयंपाकीसुद्धा;
जो तो आपली वेळ सांगून
आपलंच नाव परत घेऊन गेला, खूश होऊन.

कॉन्सोलाटा शेवटी बसली.
तिला कुणी मिशनच्या पंपाजवळ ठेवून गेलं होतं.
केव्हा, ते कुणी पाहिलं नाही.
तिने काहीच लिहिलं नाही, नुसतं एंटर दाबलं.

'तुझं नाव:'
आणि पुढे पांढरं.

"कोड चुकला," मी म्हणाले.
"चुकला नाही," बाई म्हणाल्या. "ही रिकामी ओळ आहे. लांबी शून्य.
पण दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं आहेत ना?
नसणं वेगळं, रिकामं असणं वेगळं."
कॉन्सोलाटा म्हणाली, "मला व्याकरण नको, बाई."

'नाहीतर'पुढे काय लिहायचं?
टाकून दिलेल्या मुलींसाठी आमच्यात एक नाव आहे.
मला माहीत होतं. खोलीत सगळ्यांनाच.
ते मी लिहिलं नाही.
काडी बोटात धरून लिहिलं:
जोवर उत्तर रिकामं, तोवर पुन्हा विचार.

खिडकीतून सरोवर दिसत होतं.
रात्रीच्या मासेमारीला निघालेल्या होड्या
एकेक कंदील लावत होत्या.
"आत्ताची वेळ चालेल?" तिने विचारलं.
यंत्राला काय, काहीही चालतं.
तिने पावणेसात लिहिलं.

अधियाम्बो.
अधियाम्बो. अधियाम्बो. अधियाम्बो.

थांबेचना. चूक माझीच:
विचारणं लूपच्या बाहेर राहिलं, सांगणं आत,
आणि तपासत होते भलताच डबा.
नाव ओळीवर ओळ वर सरकत गेलं,
अंगणातून कुणी हाका मारत सुटावं
आणि पोरीचा घरी यायचा पत्ता नसावा, तसं.

बाई वाकल्या. "कंट्रोल आणि सी, दोन्ही एकदम."
माझं बोट तिकडे गेलं.
कॉन्सोलाटाने माझा हात धरला, मासळीच्या वासासकट.
"राहू दे जरा."

बॅटरी अकरा टक्के होती.